चिमुकल्या हातांना घरचे काम

(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



जत्रेच्या निमित्ताने महाजन कुटुंबे देवस्थानात एकत्र येतात, तेव्हा तीन-चार पिढ्यांचे एकाच ठिकाणी दर्शन घडते. अग्रशाळेच्या ओसरीवर आजी-आजोबा विसावलेले असतात, कर्ती मंडळी उत्सवाच्या कामात गढलेली असतात आणि दीड-दोन वर्षांचे एखादे बाळ या खांबापासून त्या खांबापर्यंत दुडूदुडू धावत असते. आजी त्याला हाक मारते. बाळ थबकते, क्षणभर पाहते आणि आईला बिलगते. आजीचा चेहरा त्याला अर्धामुर्धा ओळखीचा असतो. तिचे शब्द मात्र पुरते अनोळखी. ते रडू लागले की कोणीतरी त्याच्या हाती मोबाईल देतो. बाळ शांत होते, पण मग आजीकडे पाहायचेही थांबते.

हे चित्र आता विरळ राहिलेले नाही आणि त्यात दोष कोणा एकाचा नाही. नोकरी-उद्योगासाठी कुटुंबे मुंबई, पुणे, बेंगळुरूपासून आखाती देशांपर्यंत पांगली. राजांगणाच्या घरांची जागा दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांनी घेतली. पूर्वीच्या घरात बाळाचे मन रमवण्याचा निराळा उद्योग कोणी करीत नसे. कोणी नारळ खवीत असे, कोणी फुले वेचीत असे, कोणी वाळवण राखीत असे आणि बाळ त्या साऱ्यांच्या पायांत घोटाळत असे. त्या काळचे सारेच चांगले होते असे नव्हे. घरातल्या स्त्रीला उसंत नसे आणि बाळाच्या दुखण्याखुपण्याविषयी अज्ञानही पुष्कळ होते. परंतु बाळाच्या भोवती सतत चालणारी कामे आणि सतत बोलणारी माणसे होती, हे धन मोठे होते.

आज तरुण आईबाप विचारतात, ‘दिवसभर घरात बाळाला कशात गुंतवावे?’ बाजाराजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार आहे. रंगीत खेळणी आहेत, आवाज करणारी यंत्रे आहेत आणि चित्रांचा पडदा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याहून जुने आणि बिनखर्चाचे उत्तर घरातच आहे. रोजची घरकामे हाच एक ते तीन वर्षांच्या बाळाचा खरा खेळ होय. त्याला कामापासून दूर बसवून खेळवण्यापेक्षा कामात लहानसा वाटा द्यावा, एवढेच या विवेचनाचे सार आहे.

बाळाला काम करावेसे वाटते काय, अशी शंका कोणी घेईल. जर्मनीतील लाइप्झिग येथील संशोधक फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अठरा महिन्यांच्या २४ मुलांसमोर एक अनोळखी माणूस काही कामे करीत होता. कपडे वाळत घालताना त्याच्या हातून चिमटा खाली पडे आणि त्याचा हात तेथवर पोचत नसे. हात भरलेले असल्यामुळे त्याला कपाटाचे दार उघडता येत नसे. मुलांना कोणी काही सांगितले नव्हते, बक्षिसाचे आमिष नव्हते. तरीही २४ पैकी २२ मुलांनी निदान एका प्रसंगी तरी पुढे होऊन मदत केली. अनोळखी माणसाला मदत करू पाहणारे बाळ आपल्या आईला, आजीला, आजोबांना मदत करावयास किती उत्सुक असेल! घरात मात्र त्याला ‘हात लावू नकोस’, ‘बाजूला हो’, ‘सांडशील’ हेच शब्द वारंवार ऐकू येतात. दीड वर्षाच्या ज्या हाताला असे परतवले जाते, तोच हात आठव्या वर्षी कामाला उठत नाही म्हणून पुढे तक्रार होते.

शिक्षणाच्या क्षेत्रात हा विचार नवा नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. तेथील मुले शाळापूर्व वयाची होती. खेळणी जवळ असतानाही ती बाजूला सारून मुले खऱ्या कामाकडे वळतात, असे त्यांना आढळले. लहान झाडू, लहान टेबले, पाणी ओतावयाची लहान भांडी अशी मुलांच्या मापाची खरी साधने त्यांच्या पद्धतीत आली ती त्यामुळेच. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात येथेच राहिल्या. त्यांच्या विचाराला आपल्या मातीत रुजवण्याचे श्रेय गिजुभाई बधेका आणि पद्मभूषण ताराबाई मोडक यांना आहे. ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ पासून तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात महागड्या साधनांना स्थान नव्हते. पाने, शिंपले, बिया, माती, जे परिसरात सापडेल त्याचेच साधन झाले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार होता. कोसबाडला जे अंगणात साधले, ते महाजनांच्या घरी स्वयंपाकघरात आणि परसात का साधू नये?

दिवसाच्या क्रमानेच पाहू गेल्यास सकाळचे पहिले काम फुलांचे. झाडावरील फूल खुडणे दीड वर्षाच्या बाळाला जमत नाही, परंतु प्राजक्ताचा सडा वेचणे त्याला उत्तम जमते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत फूल धरायचे, परडीत टाकायचे आणि पुन्हा वाकायचे. पुढे लेखणी धरण्यास लागणारे बोटांचे वळण येथूनच पडू लागते. वाकणे, उठणे, तोल सांभाळणे हेही त्यात आले. शहरातील बिऱ्हाडात प्राजक्त नसेल तर बाजारातून आणलेल्या फुलांच्या पुडीतून शेवंती एका ताटलीत आणि जास्वंद दुसऱ्या ताटलीत ठेवण्याचे काम द्यावे. देवाला कोणते फूल आधी वाहावे, हे त्याला विचारावे. दोन फुलांतून एक निवडणे हा त्या वयात मोठाच निर्णय असतो.

त्यानंतर तुळशीला पाणी. मोठ्या तांब्याऐवजी बाळाच्या मुठीत मावेल असा लहान गडू असावा आणि त्यात अर्धेच पाणी भरावे. पहिले काही दिवस पाणी वृंदावनापेक्षा पायांवरच अधिक पडेल. पडू द्यावे. काही दिवसांतच हात स्थिर होतो. ज्याच्या हातून एखादे रोपटे वाढते, ते बाळ त्या रोपट्याची पाने उगाच ओरबाडीत नाही, असा अनुभव अनेक घरांत येतो.

स्वयंपाकघर म्हणजे तर या वयाचे विद्यापीठ. भाजी निवडण्याची वेळ त्यासाठी सर्वांत चांगली, कारण तेव्हा चूल बंद असते आणि मोठे माणूस खाली बसलेले असते. मेथीची किंवा तांबड्या भाजीची पाने देठापासून तोडून टोपलीत टाकणे हे काम दोन वर्षांचे मूल आनंदाने करते. त्याहून लहान बाळाला कांदे-बटाटे द्यावेत. एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत ते एकेक करून नेऊन टाकणे हा त्याला अर्धा तास पुरणारा खेळ आहे. पाचसहा वाट्या एकात एक बसवणे, डब्यांना त्यांची त्यांची झाकणे शोधून देणे, यांतून ‘लहान’ आणि ‘मोठे’ हे शब्द बोटांना कळतात. साधारणपणे सव्वा वर्षाचे बाळ दोन ठोकळे एकावर एक ठेवते आणि दोन वर्षांचे मूल सहापर्यंत मजल नेते. ठोकळ्यांऐवजी करवंट्या किंवा रिकामे डबे असले तरी हात तेच शिकतात. पोळ्यांच्या वेळी कणकेचा एक गोळा त्याचा म्हणून वेगळा काढावा. दाबणे, लांबवणे, तोडणे, पुन्हा गोळा करणे, यांत त्याच्या मुठीला बळ येते आणि त्याने थापलेली वेडीवाकडी चांदकी तव्यावर भाजून त्यालाच वाढली तर त्या जेवणाची गोडी काही और असते.

दुपारी कपड्यांच्या घड्या होतात. तो ढीग म्हणजे कुटुंबाची ओळखच. ‘हे बाबांचे, हे आजीचे लुगडे, हे बाळाचे झबले’ असे म्हणत बाळाने एकेक कपडा ज्याच्या त्याच्या ढिगात ठेवावा. मोज्यांच्या जोड्या लावणे, हातरुमालाची एक घडी घालणे हेही जमू लागते. सारखे आणि वेगळे यांतील भेद ओळखणे हा पुढच्या साऱ्या गणिताचा पाया असून तो या ढिगावरच घातला जातो.

पायरीवर किंवा गॅलरीतील लादीवर पाण्याने चित्रे काढणे हा उन्हाळ्यातील एक सुंदर खेळ आहे. वाटीभर पाणी आणि कापडाचा एक बोळा पुरे. ओली रेघ उमटते, पाहता पाहता वाळते आणि नाहीशी होते. बाळ पुन्हा काढते. भिंत खराब होत नाही, रंग पोटात जाण्याची भीती नाही. दारात रांगोळी घालणाऱ्या आजीने शेजारी तांदळाच्या पिठाची चिमूट देऊन एक ठिपका त्याच्याकडून घालून घ्यावा. पावसाळ्यात घराबाहेर पडणे होत नाही तेव्हा ऐकण्याचे खेळ करावेत. कौलांवरचा पाऊस, पागोळ्यांचा पाऊस आणि बादलीत पडणारा पाऊस यांचे आवाज निराळे असतात. डोळे मिटून ‘हा कशाचा आवाज?’ असे विचारले की बाळ कान टवकारते. पितळी वाटी, लाकडी पाट आणि पत्र्याचा डबा यांवर पळीने ताल धरणे हा त्याचाच पुढचा भाग.

दिवेलागणीला समईजवळ नेताना ज्योत दूर ठेवून हात जोडावयास शिकवावे, घंटेचा नाद विरेपर्यंत ऐकवावा. देवळात नेले असता कडेवरून खाली उतरवून त्याचा हात धरावा. पायऱ्या चढताना ‘वर’, उतरताना ‘खाली’, उंबरठा ओलांडताना ‘आत’, प्रदक्षिणेच्या वाटेवर ‘बाहेर’; दीपस्तंभ ‘उंच’, तळी ‘खोल’. एवढे शब्द एका फेरीत शिकवणारे पुस्तक कोठे मिळणार नाही.

आता या साऱ्या कामांमागील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे भाषा. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बाळ पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते आणि दोन वर्षांचे होईपर्यंत बहुतेक मुले दोन शब्द जोडू लागतात. हे शब्द येतात कोठून? अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सुमारे नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती १२ बैठकांत समोर बसून खेळल्या, बोलल्या. ती बाळे त्या भाषेतील ध्वनींचे बारकावे ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसे, तेच बोलणे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखविण्यात आले, आणखी एका गटाला नुसता आवाज ऐकविण्यात आला. त्यांच्यावर काहीच परिणाम दिसला नाही. भाषा बाळाला देण्यास जिवंत माणूस लागते, हा त्याचा अर्थ.

गोव्यातील महाजन घरांत बोलणे कोंकणीत चालते, पोथी आणि आरती मराठीत होते. परगावच्या घरांत यांच्या जोडीला कन्नड, हिंदी वा इंग्रजी असते. एकाहून अधिक भाषा कानी पडल्याने बाळ गोंधळते किंवा उशिरा बोलते, ही समजूत खरी नाही. गोंधळ भाषांच्या संख्येमुळे होत नाही. नुकसान होते ते अबोल्यामुळे. म्हणून काम करताना बोलावे. ‘ते घे’, ‘हे ठेव’ एवढ्यावर न थांबता वस्तूचे नाव घ्यावे. रोवळी, सूप, परडी, पळी, आदोळी हे शब्द शब्दकोशात राहतील, परंतु बाळाने ती वस्तू हाताळली, किंवा आदोळीसारखी धारेची वस्तू आजीच्या मांडीवरून पाहिली, तरच ते शब्द त्याच्या जिभेवर राहतील. प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. बाळाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. त्याचे बोट दाखवणे, हुंकार देणे हेही उत्तरच असते. त्याने ‘पा’ म्हटले तर ‘होय, पाणी हवे ना? गार पाणी’ असे वाक्य पुरे करून परत द्यावे. चूक काढून दाखवू नये.

पडद्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. एक वर्षाच्या बाळाला बसवून पडदा दाखवूच नये; दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, आणि त्याहून कमी असेल तितके बरे. या वयाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल आणि दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास झोप हवी. फुले वेचणारे, पाणी नेणारे, टोपल्या रिकाम्या करणारे बाळ ही हालचाल न सांगता पुरी करते. दूरदेशी राहणाऱ्या आजी-आजोबांशी मोबाईलवर होणारी भेट मात्र निराळी समजावी, कारण तेथे समोर उत्तर देणारे माणूस असते. त्या भेटीतही नुसते ‘बोल, बोल’ म्हणून भागत नाही. आजीने आपली परडी दाखवावी, बाळाने आपली वाटी दाखवावी. आजोबांनी ताल धरावा, बाळाने पळी वाजवावी. आईने वा वडिलांनी शेजारी बसून दोघांचे बोलणे सांधावे. असे रोज थोडा वेळ झाले तर जत्रेत भेटणारी आजी परकी राहत नाही.

कामात वाटा द्यायचा म्हणजे सावधगिरी दुप्पट हवी. शेंगदाणे, चणे, वालाचे दाणे, सुपारी, मणी, नाणी तीन वर्षांखालील बाळाच्या हाती देऊ नयेत; ती घशात अडकतात, नाकाकानात जातात. घड्याळातील व खेळण्यांतील बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. शंका आली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे. बादलीत चार बोटे पाणी असले तरी बाळ त्यात बुडू शकते, म्हणून काम संपताच बादली उपडी करावी. विहीर आणि तळी यांच्याजवळ हात सोडू नये. विळी, सुरी, इस्त्री, उकळती पेज आणि चूल यांपासून बाळ हातभर नव्हे, चांगले दूर असावे. रॉकेल वा फिनेल सरबताच्या बाटलीत ठेवू नये. ज्या कामात मोठे माणूस शेजारी बसू शकत नाही, ते काम त्या दिवशी बाळाचे नव्हे.

दोन गोष्टींची तयारी मात्र मोठ्यांनी ठेवावी लागते. पहिली सांडलवंडीची. सांडले की रागावण्याऐवजी फडके द्यावे, म्हणजे पुसणे हेच पुढचे काम होते. दुसरी पुनरावृत्तीची. एकच वाटी बाळ वीस वेळा भरते आणि वीस वेळा ओतते. मोठ्यांना ते कंटाळवाणे वाटते, बाळाचा मात्र प्रत्येक वेळी एक नवा प्रयोग चालू असतो. तो मध्येच तोडू नये. तसेच त्याचे लक्ष पाच मिनिटांत उडाले तर ओढून बसवू नये. काम पुरे होणे हा मोठ्यांचा हेतू. काम करणे एवढाच बाळाचा.

हे सारे आईच्या माथी आणखी एक ओझे म्हणून पडता कामा नये. दिवसभराच्या नोकरीनंतर किंवा घरकामानंतर तिने नवे कार्यक्रम आखावेत, अशी ही मागणी नाही. जे काम होणारच आहे त्यातली दहा मिनिटे सावकाश करावी, एवढेच अपेक्षित आहे. आणि ती दहा मिनिटे वडिलांचीही असावीत. कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, बाजारच्या पिशवीतून भाजी काढणे यांत पुरुषाच्या हाताला कमीपणा नाही. वडिलांना पीठ मळताना पाहिलेल्या मुलाला पुढे घरकाम हे बायकांचेच असे वाटत नाही, हा लाभ वेगळाच.

देवस्थानाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती कोणी व्याख्यानाने शिकवली नाही. फुले वेचता वेचता, समया घासता घासता, पंगतीत पाने मांडता मांडता लहान हात मोठ्या हातांचे पाहून शिकत गेले. ती शाळा घरातच भरत असे आणि आजही भरू शकते. तिला दोन खोल्यांची जागा पुरते. त्यासाठी प्रत्येक घराने स्वयंपाकघरातील सर्वांत खालचे एक फडताळ बाळासाठी मोकळे करावे. त्यात चार वाट्या, एक पळी, एक लहान गडू आणि एक फडके ठेवावे, आणि उद्याच्या सकाळी तुळशीला पाणी घालताना तो गडू बाळाच्या हाती द्यावा.